कातडीचा हिशेब

रंगाच्या कारखान्यात पिंपातली पावडर मापून रिअ‍ॅक्टरच्या तोंडातून आत ओतणारा कामगार डोळ्यांसमोर आणा. आज त्याच्या कॉलरला एक छोटी गाळणी चिमट्याने अडकवलेली आहे आणि कमरेच्या पट्ट्याला मुठीएवढा पंप आहे. पंप पाळीभर घुरघुरत हवा ओढतो. नाकाशी असलेलीच हवा. पाळी संपली की गाळणी प्रयोगशाळेत जाते. काही दिवसांनी आकडा येतो, तो मर्यादेच्या खाली असतो, आणि अहवाल फायलीला लागतो.

आता त्याच माणसाचे हात पाहा. मनगटापर्यंत निळे आहेत. हातमोजा मागच्या खिशात खोचलेला, कारण तो घातला की पान्याची पकड बसत नाही. मघाशी त्याने कपाळावरचा घाम बाहीने पुसला, तिथे एक फिकट निळा पट्टा उमटला आहे. पँट मांडीपाशी ओली आहे. जेवणाच्या सुट्टीत तो डाव्या तळहातावर तंबाखू घेईल आणि उजव्या अंगठ्याने मळेल. कॉलरवरच्या गाळणीला यातलं काहीही कळत नाही.

कारखान्यातलं विष मोजायचं म्हणजे हवा मोजायची, ही सवय आपल्याला फार जुनी आहे. हवा मोजायला सोपी असते. एक घनमीटर हवेत किती मिलिग्रॅम, असा सरळ प्रश्न विचारता येतो आणि सरळ उत्तर मिळतं. कातडीच्या बाबतीत प्रश्नच अवघड होतो. कुठल्या भागावर पडलं? किती जागेवर पसरलं? किती वेळ राहिलं? त्यातलं आत किती गेलं? या अवघडपणामुळेच कातडीचा हिशेब कायम मागे पडत आला. पण मागे पडला म्हणून तो क्षुल्लक ठरत नाही. कित्येक रसायनांच्या बाबतीत कातडी हाच शरीरात शिरण्याचा हमरस्ता आहे.

अ‍ॅनिलिन घ्या. कृत्रिम रंगांच्या धंद्याचा पाया घालणारं हे तेलकट द्रव्य. १८८६ साली इंग्लंडमध्ये नवजात बाळं निळी पडल्याची नोंद एका डॉक्टरने प्रसिद्ध केली. कारण सापडलं लंगोटांवर. मालकी ओळखता यावी म्हणून त्यांवर शिक्के मारले होते आणि त्या शाईत अ‍ॅनिलिन होतं. ओल्या लंगोटातून ते बाळांच्या कातडीत मुरलं. अ‍ॅनिलिन रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप पालटतं, मग त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. ओठ आणि नखं निळी पडतात. रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांचेही ओठ असेच निळे पडत.

कायद्याला हे ठाऊक नाही असं नाही. आपल्याकडच्या कारखाने अधिनियम १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत हवेतल्या रसायनांच्या मर्यादा दिल्या होत्या. त्या यादीत अ‍ॅनिलिन, फिनॉल, पॅराथिऑन अशा काही नावांपुढे ‘त्वचा’ अशा अर्थाचा एक शब्द जोडलेला होता. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संघटनाही आपल्या यादीत अशीच खूण करते. तिचा अर्थ असा की हे द्रव्य कातडीतूनही आत जातं, तेव्हा हवेचा आकडा सुरक्षित दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. सूचना मोलाची आहे, पण ती सूचनाच आहे. हवेसाठी जशी आकड्यात मर्यादा असते, तशी कातडीसाठी त्या यादीत नव्हती.

कातडीला आपण रेनकोट समजतो, तिथे चुकतं. पाणी अडवायला ती उत्तम आहे. पण तिचा खरा बांध म्हणजे सर्वांत वरचा मृत पेशींचा थर, आणि अंगाच्या बहुतेक भागांवर तो जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो. वहीचा कागद साधारण १०० मायक्रॉनचा. म्हणजे कागदाच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाएवढ्या पापुद्र्यावर सगळी भिस्त. या थरातल्या पेशींच्या मधे चरबीसारखे पदार्थ भरलेले असतात, त्यामुळे तेलात विरघळणाऱ्या द्रव्यांना त्यातून वाट सापडते. घामाने कातडी भिजली, उन्हाने तापली, साबण-सॉल्व्हंटने तिची चरबी निघून गेली किंवा ती खरचटली, की ही वाट आणखी रुंद होते.

शिवाय ही वाट अंगभर सारखी नाही. १९७१ साली हॉवर्ड माइबाख आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या शरीरावर वेगवेगळ्या जागी पॅराथिऑन हे कीटकनाशक अगदी अल्प मात्रेत लावलं. त्याला किरणोत्सारी कार्बनची खूण जोडलेली होती, त्यामुळे लघवीत किती उतरलं यावरून आत किती गेलं ते काढता आलं. हाताच्या पुढच्या भागावर लावलेल्यापैकी सुमारे ९ टक्के आत गेलं, तळहातावरून सुमारे १२ टक्के. कपाळावरून सुमारे ३६ टक्के, काखेतून ६४ टक्के. आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच.

हा शेवटचा आकडा वाचताना मला नेहमी लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट आठवतात. १७७५ साली त्यांनी लिहून ठेवलं होतं की धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्याचं कारण तिथे साचणारी काजळी आहे. धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली ठळक नोंद मानली जाते. तेव्हा मोजायला काहीच नव्हतं, होती ती डॉक्टरची नजर. आणि आज रिअ‍ॅक्टरपाशी मांडीवर द्रव सांडलेली पँट घालून पाळी पुरी करणारा माणूस त्याच जागी तेच धोक्याचं ओझं वागवत असतो.

पद्धतशीर मोजणी सुरू झाली ती सफरचंदाच्या बागांतून. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, वेनाची भागात, दुसऱ्या महायुद्धानंतर पॅराथिऑनची फवारणी जोरात होती आणि फवारणारे आजारी पडत होते. विल्यम डरहॅम आणि होमर वोल्फ यांनी एक साधी युक्ती पक्की केली. शोषून घेणाऱ्या जाड कागदाच्या किंवा जाळीदार कापडाच्या चकत्या करायच्या आणि त्या माणसाच्या अंगावर ठिकठिकाणी लावायच्या: छाती, पाठ, खांदे, हाताचा पुढचा भाग, मांड्या, पोटऱ्या. काही कपड्यांच्या वर, काही आत. मग त्याला रोजच्यासारखं काम करू द्यायचं. काम झालं की चकत्या काढून द्रावकात बुडवायच्या आणि उतरलेलं औषध मोजायचं. १९६२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत त्यांनी ही सगळी रीत मांडली, आणि पुढची कित्येक वर्षं जगभर तीच वापरली गेली. नाकावाटे ओढलं जाणारं औषधही त्यांनी मुखवट्यातल्या गाळणीवरून मोजलं होतं. कातडीवर पडणारं औषध त्याच्या अनेक पट भरलं.

यावर एक रास्त शंका निघते. कातडीवर पडलेलं सगळं थोडंच आत जातं? श्वासातून गेलेलं मात्र बहुतेक सगळं रक्तात उतरतं. मग शेवटी भारी कोण? ही शंका फेडायला डरहॅम, वोल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्याने दोन्ही वाटा वेगळ्या केल्या. काही फवारणाऱ्यांना श्वासासाठी स्वच्छ हवा दिली, पण अंग नेहमीसारखं उघडं ठेवलं. काहींचं अंग पूर्ण झाकलं, पण हवा तिथलीच घेऊ दिली. मग दोघांच्या लघवीत पॅराथिऑनचा उरलेला अंश, पॅरानायट्रोफिनॉल, मोजला. १९७२ साली हे निष्कर्ष छापून आले. बागेतल्या फवारणीत कातडीवाटे आत गेलेला वाटा मोठा होता.

चकत्यांचा हिशेब कसा करतात ते एकदा हातानेच करून पाहू. चकती १० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर. समजा, छातीवरच्या चकतीत ०.२ मिलिग्रॅम औषध सापडलं. छातीचं क्षेत्रफळ साधारण ३,५०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे चकतीच्या ३५ पट. तेव्हा छातीवर ७ मिलिग्रॅम. असंच पाठीचं, मांडीचं, पोटरीचं. सगळं मिळवलं की अंगभराचा आकडा. पण यात एक गृहीत लपलेलं आहे: औषध अंगावर एकसारखं पडतं. दहा चकत्या लावल्या तरी त्या १,००० चौरस सेंटिमीटर झाकतात, आणि मोठ्या माणसाची कातडी सुमारे १८,००० चौरस सेंटिमीटर असते. अठराव्या हिश्शावरून सगळ्या अंगाचा अंदाज. नळीचा सांधा निसटून उडालेला शिंतोडा नेमका चकतीवर बसला, तर हिशेबात तो छातीभर पसरतो. चार बोटं बाजूला बसला, तर त्याची नोंदच होत नाही.

म्हणून काही संशोधकांनी अख्ख्या कपड्यालाच चकती केलं. कामगाराला सुती बंडी आणि लांब चड्डी घालायची, वरून कामाचा पोशाख, हातात पांढरे सुती मोजे. काम संपल्यावर सगळं काळजीपूर्वक उतरवून कात्रीने तुकडे करायचे, बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, आणि प्रत्येक तुकड्यातलं रसायन काढायचं. शिंतोडा आता सुटत नाही. मात्र खर्च वाढतो, प्रयोगशाळेचं काम वाढतं, आणि दमट हवेत असे दुहेरी कपडे घालून राबणाऱ्या माणसाचे हाल होतात. सुती मोज्यांची आणखी एक खोट आहे: कापूस कातडीपेक्षा फार जास्त शोषतो. त्यामुळे मोजे हाताचा आकडा फुगवून सांगतात.

मग हातच धुऊन पाहिले तर? ही रीत जवळून पाहण्यासारखी आहे. पॉलिथिनच्या पिशवीत मापून पाणी घेतात आणि त्यात थोडा साबणासारखा पदार्थ किंवा अल्कोहोल घालतात. कामगार हात पिशवीत घालतो, दुसरा माणूस मनगटापाशी पिशवी घट्ट धरतो आणि ठरलेला वेळ खळखळ हलवतो. पाणी गढूळतं, कधी रंगतं. ते बाटलीत भरून, बाटलीवर नाव-वेळ लिहून, बर्फावर ठेवून पाठवतात. दिसायला किती चोख! रिचर्ड फेन्स्के आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९४ साली या चोखपणाची परीक्षा घेतली. वाळवीच्या औषधामुळे आपल्याला नावाने माहीत असलेलं क्लोरपायरिफॉस मोजून हातांवर घेतलं आणि लगेच हात धुतले. पाण्यात उतरलं ते फक्त ४३ टक्के. एक तास थांबून धुतले तेव्हा २३ टक्के. बाकीचं कातडीत मुरलं होतं किंवा तिला घट्ट चिकटून राहिलं होतं. म्हणजे नुसतं धुतल्या पाण्याचं माप धरलं, तर खरा आकडा दुपटीने, चौपटीने कमी दिसतो. कामगारासाठी यात एक सरळ निरोप आहे: पाळी संपेपर्यंत थांबू नका, सांडलं की त्या मिनिटाला धुवा.

फेन्स्के यांचं नाव आणखी एका कामासाठी घ्यायला हवं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातलं ते सर्वांत बोलकं काम आहे. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली पांढरा शर्ट कसा झगझगीत निळसर दिसतो ते तुम्ही पाहिलं असेल. ती करामत टिनोपॉलसारख्या द्रव्यांची. ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि निळसर उजेड परत देतात. १९८० च्या दशकात फेन्स्के यांनी अशाच चमकणाऱ्या द्रव्याची चिमूट फवारणीच्या टाकीत मिसळली. फवारणीनंतर माणसाला अंधाऱ्या खोलीत उभं केलं, अतिनील दिवे लावले आणि कॅमेऱ्याने अंगाची चित्रं घेतली. चमक किती तेज आहे यावरून संगणकाने द्रव्याचं वजन काढलं.

अंधारात जे दिसलं त्याने चकत्यांचं गृहीत उघडं पडलं. औषध अंगभर एकसारखं कुठेच नव्हतं. कुठे ठिपके, कुठे ओघळ, कुठे पंजाचे ठसे. संरक्षक पोशाखाच्या आतही चमक होती: बाह्यांच्या तोंडाशी, गळपट्टीच्या कडेने, बोटांच्या बेचक्यांत. या पद्धतीलाही मर्यादा आहेत. चमकणारं द्रव्य म्हणजे खरं विष नव्हे, त्याचा सोबती. दोघे सारख्याच चालीने अंगावर येतात का, हे वेगळं तपासावं लागतं. उन्हात ही चमक फिकी पडते. पण आपल्याच मानेवरचा चमकता पंजा आरशात पाहिलेल्या माणसाला हातमोज्यांवर व्याख्यान द्यावं लागत नाही. म्हणून आज ही युक्ती मोजणीइतकीच प्रशिक्षणासाठी वापरली जाते. आपल्या औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या कारखान्यांनाही ती परवडणारी आहे.

हातमोज्यांचा विषय निघालाच आहे, तर कॅरन वेटरहान यांची हकिकत सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका विषारी धातूंच्याच अभ्यासक. १४ ऑगस्ट १९९६ रोजी डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. मोजा लॅटेक्सचा होता आणि त्यांनी नियमाप्रमाणे घातलेला होता. काही महिन्यांनी तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं. ८ जून १९९७ रोजी त्या गेल्या. नंतरच्या चाचणीत दिसलं की हे द्रव्य तसल्या मोज्यातून १५ सेकंदांत पार होतं. त्यांचा एक लांब केस तुकड्या-तुकड्याने तपासला गेला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून त्याचा प्रत्येक तुकडा एका ठरावीक काळाची नोंद असतो. पारा एका ठिकाणी एकदम उसळलेला आणि पुढे हळूहळू उतरत गेलेला दिसला. ऑगस्टमधला तो एक प्रसंगच पुरला होता, असं केसाने सांगितलं.

शरीराच्या आतून पुरावा घेण्याची ही रीत कारखान्यांत लघवी आणि रक्तावर चालते. अ‍ॅनिलिनसाठी लघवीतलं पॅराअमायनोफिनॉल पाहतात. फवारणाऱ्यांच्या रक्तात कोलिनेस्टरेज या विकराची पातळी. कॅलिफोर्नियात १९७४ पासून ही रक्ततपासणी नियमाने होते. कामाला लागण्याआधीच कामगाराची स्वतःची मूळ पातळी नोंदवतात. तांबड्या पेशींतला विकर त्या पातळीच्या ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातला ६० टक्क्यांवर उतरला, की त्याला फवारणीपासून दूर करावं लागतं. आधीची नोंद नसेल तर घसरण मोजणार कशावरून? म्हणून ती पहिली सुई महत्त्वाची.

लघवीचा आकडा एकटा पाहिला तर विष कुठल्या दाराने आलं ते सांगत नाही. पण तो हवेच्या आकड्याशेजारी ठेवा. हवा मर्यादेत, आणि लघवीत मात्र श्वासातून जाऊ शकलं असतं त्याहून कितीतरी अधिक. मग उरलेलं कातडीतून किंवा तोंडातून गेलं असलं पाहिजे. सुरुवातीला पाहिलेल्या त्या निळ्या हातांच्या माणसाची खरी तपासणी ही आहे.

तोंडातून जातं तेही बहुधा हातावाटेच. हळदीने बरबटलेल्या हातांनी स्वयंपाक करताना घरात काय होतं ते आठवा: फडक्यावर, फ्रिजच्या मुठीवर, दिव्याच्या बटणावर पिवळे ठसे. नंतर जो बटण दाबेल त्याच्या बोटाला पिवळं लागतं, त्याने हळद पाहिलीही नसली तरी. थॉमस श्नायडर आणि त्यांच्या युरोपातल्या सहकाऱ्यांनी १९९९ साली नेमका हाच प्रवास एका आराखड्यात मांडला: मूळ स्रोत, हवा, आजूबाजूचे पृष्ठभाग, बाहेरचे कपडे, आतले कपडे आणि शेवटी कातडी, आणि या सगळ्यांमधली देवाणघेवाण. त्यावरून मोजणाऱ्याने कुठे पाहायचं ते ठरतं. पान्याची मूठ पुसा, जिन्याचा कठडा पुसा, कॅन्टीनच्या टेबलाची कड पुसा, हातमोजा उलटा करून आतून पुसा. आतून बाटलेला मोजा तर उघड्या हातापेक्षा वाईट. घामात भिजलेली कातडी आणि रसायन त्यात तासन्‌तास एकत्र कोंडलेली राहतात.

महाराष्ट्रात हा विषय लांबचा नाही. तारापूर, डोंबिवली, महाड, लोटे परशुराम इथे रंग, औषधं आणि कीटकनाशकांची रसायनं बनतात. पिंपं उचलण्याचं, टाक्या घासण्याचं, पावडर ओतण्याचं, म्हणजे हात बुडण्याचं काम बहुधा कंत्राटी कामगाराच्या वाट्याला येतं, आणि आज इथे तर उद्या तिथे असल्यामुळे त्याची मूळ नोंद कुठेच होत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती. पाठीवर पंप घेऊन ओल्या झाडांच्या ओळींतून चालणाऱ्याचा सदरा औषधाने चिंब होत होता. वेनाचीच्या बागांत कागदाच्या चकत्यांनी जे दाखवलं होतं, ते त्याआधी ५५ वर्षं छापील उपलब्ध होतं.

मोजणी अवघड आहे, म्हणून ती न करणं मला मान्य नाही. प्रत्येक रीत काहीतरी निसटू देते हे खरं, पण दोन रीती एकत्र वापरल्या की निसटणारं कमी होतं. आणि त्यासाठी लागणारी कौशल्यं देशात आहेत. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आणि मुंबईत शीवला असलेली केंद्रीय श्रम संस्था कामाच्या जागच्या आरोग्यावरच काम करतात.

हे वाचणाऱ्यांत कुणी कारखान्यात काम करत असेल, किंवा कुणाच्या घरातलं माणूस पाळीला जात असेल, तर एवढं करा. आपल्या हाताखालून जाणाऱ्या रसायनाच्या माहितीपत्रकात त्वचेचा इशारा आहे का ते पाहा. असेल, तर ते रसायन नेमका कुठला हातमोजा किती मिनिटं अडवतो हे सुरक्षा अधिकाऱ्याला विचारा. हवेच्या अहवालाबरोबर लघवीचा किंवा रक्ताचा अहवालही मागा, आणि कामाला लागण्याआधीची नोंद करून घ्या. कामाच्या जागी आपल्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची माहिती मागण्याचा हक्क कायद्याने कामगाराला दिलेला आहे.